रस्त्याकडचा वाटा

दसरा झाला की चार-सहा दिवसांत रत्नागिरीच्या हवेत एक वास येतो. मी राहते ती इमारत बाजाराजवळ, माझा तिसरा मजला, समोर दुसरी इमारत. तिथे वास यायचा तो शेजारच्या स्वयंपाकघरातला. तरी सकाळी दहाच्या सुमाराला ऊन तापलं आणि वारा सड्याकडून वळला की तो येतोच. वाळायला लागलेल्या गवताचा वास. पेज उकळून खाली उतरवताना येते तशी गोडसर वाफ, आणि तिच्यामागे थोडी धूळ. शेजारच्या वहिनींना मी एकदा गॅलरीत बोलावून हा वास दाखवला. त्यांनी दोनदा दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या, "मला तर बाई फोडणीचाच येतोय." पुन्हा कुणाला दाखवायच्या भानगडीत मी पडले नाही.

वास आला की माळ्यावरचा गोणपाटात गुंडाळलेला विळा मी खाली काढते, धार लावून घेते आणि कॉलेजकडे जाणारी एस.टी. धरते. नोकरीतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली, पण ही फेरी चुकली नाही. यंदा कंडक्टर नवा होता. पिशवीतून डोकावणाऱ्या विळ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, कॉलेजात विळा घेऊन काय करणार?"

"पेपर तपासणार," मी म्हटलं.

तो हसला, तिकीट दिलं, आणि विळा तेवढा सीटखाली ठेवायला सांगून पुढे गेला. गाडी घाटी चढायला लागली. त्या चढावरच्या तिसऱ्या वळणाला सडा एकदम समोर येतो, आणि इतकी वर्षं झाली तरी तिथे मी खिडकीकडे सरकते.

सडा म्हणजे आमच्याकडच्या डोंगरांचे सपाट माथे. वर जांभ्या दगडाचा कातळ, जेमतेम वीतभर माती, कुठे तेवढीही नाही. उन्हाळ्यात अनवाणी पाय ठेववत नाही. पण श्रावणात त्याच कातळावर इवलीइवली निळी, पिवळी, जांभळी फुलं अशी उमलतात की चालायचं कुठून हा प्रश्न पडतो. गणपती गेले की फुलं सरतात आणि गवत उठतं. आधी घोटाभर, मग गुडघाभर, आणि जिथे थोडी माती साचलेली असेल तिथे थेट छातीपर्यंत. दसऱ्याला ते हिरवंही नसतं आणि पिवळंही नसतं. वारा आला की सगळा सडा एका बाजूला झुकतो आणि सावकाश उभा राहतो. आमचं कॉलेज याच सड्यावर होतं. दोन लांब इमारती, मुलांचं वसतिगृह, पाच-सहा क्वार्टर्स, आणि भोवती नजर पोचेल तिथपर्यंत कॉलेजच्या नावावर झालेली उघडी जमीन.

मी तिथे वनस्पतीशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले ती ऐंशीच्या सुमाराला. वय तेवीस. राजापूरच्या बाजारपेठेत आमचं दुकान, त्यामुळे गवत ही बैलगाडीतून दुकानासमोरून जाणारी वस्तू, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. वर्गात मात्र मी गवताच्या कुळाची लक्षणं धडाधड सांगत असे.

आमचे विभागप्रमुख निकम सर. सातारा जिल्ह्यातल्या माणचे. उंच, काळे, रापलेले, आणि बोलणं असं की जवळ उभं राहिलं तरी पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारताहेत असं वाटे. दुष्काळी भागातून आलेला हा माणूस आमचा पाऊस बघून पहिल्या वर्षी वेडाच झाला होता. इतकं पाणी कातळावरून वाहून समुद्रात जातं आणि मार्चमध्ये वसतिगृहाची विहीर तळाला लागते, हे त्यांना सहन होईना. आज ज्याला मोठमोठी नावं आहेत ते सगळं सरांनी तेव्हा बिननावाचं सुरू केलं. वसतिगृहाच्या न्हाणीचं पाणी गटारात न सोडता पाटानं रोपांकडे वळवलं. मुलं कुरकुरत, की आता आंघोळीलाही मार्क मिळणार. मेसमागे गोबर गॅसची टाकी बांधली. आणि दर पावसाळ्यात कातळात पहारीनं खड्डे फोडून, खालच्या वहाळाच्या पात्रातून पाट्यांनी माती आणून झाडं लावली. काजू, आवळा, जांभूळ, कोकम, किंजळ. तीन पावसाळ्यांत त्यांनी आणि मुलांनी मिळून अख्खा उत्तरेकडचा सडा खड्ड्यांनी भरून टाकला. एकेक रोप त्यांना तोंडपाठ होतं. वर्गात मुलांची नावं चुकत, रोपांची चुकत नसत.

गोबर गॅसला शेण लागे, ते सड्याखालच्या वाडीतून येई. आणि त्या वाडीतून रोज सकाळी पाखाडीच्या जांभ्या पायऱ्या चढून यायची भागीकाकी. डोक्यावर शेणाची पाटी, हातात दुधाची किटली. चाळिशी ओलांडलेली, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. शेण टाकीवर, दूध मेसमध्ये आणि उरलेलं आम्हा क्वार्टर्सवाल्यांना. परत जाताना टाकीतली मळी शेताला घेऊन जाई. तिची म्हैस एकच, कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून नाव चांदी. सर म्हणत, "शेट्ये बाई, आपला चहा बघा. दूध चांदीचं, गॅस चांदीचा. आपण फक्त पावडर घालतो." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन दुसरा कप मागत.

भागीकाकीचा नवरा मुंबईला गिरणीत होता. ते संपाचं साल. शिमग्याला आलेला चाकरमानी गणपती आले तरी घरीच होता, आणि कापसाच्या धुळीनं त्याचा दम इतका गेला होता की पाखाडीच्या दहा पायऱ्यांवर तो बसकण मारी. मनीऑर्डर बंद, कर्ता माणूस पडवीत. घर चालायचं ते चांदीवर. चांदी चालायची ती सड्याच्या गवतावर. हे मला तेव्हा माहीत होतं. माहीत असूनही जे केलं ते मी केलं, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

त्या वर्षी बंदी आली. तिला कारणही होतं. आदल्या कापणीत उंच गवतात लपलेली कितीतरी रोपं विळ्याखाली गेली होती, आणि मागून आलेल्या शेळ्यांनी उरलेल्यांचे शेंडे खाल्ले होते. दोन वर्षांचं एक किंजळ मुळाशी कापलेलं सापडलं तेव्हा सर त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी लांबूनच बघितलं आणि मागे फिरले. नंतर म्हणाले, "आमच्या गावाकडं एक डोंगर होता. पार बोडका. गुरं बंद केली, कुऱ्हाड बंद केली. तीन वर्षांत गवत गुडघ्याला लागलं. माणसं बघायला यायची, शेट्ये बाई." गुडघाभर गवत बघायला माणसं येतात असाही प्रदेश असतो, हे मला ठाऊक नव्हतं. आणि छातीभर गवत कुणी कापलंच नाही तर पुढे काय होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक असायला हवं होतं. मी इथली होते.

कॉलेजनं ठराव केला, तीन वर्षं सडा बंद. मुलांनी जांभे दगड रचून रस्त्याच्या कडेनं गडगा घातला. माझं अक्षर चांगलं म्हणून पत्र्याची पाटी मी रंगवली. 'येथे गवत कापण्यास व गुरे चारण्यास सक्त मनाई आहे.' 'सक्त' मी लाल रंगात काढलं होतं. वाडीचा प्रमुख, गावकार, प्रिन्सिपॉलना भेटून गेला. ते म्हणाले, तीन वर्षं कळ काढा. वाडीतली दोन मुलं कॉलेजात शिकत होती, कॉलेज आपल्या सड्यावर आहे याचा वाडीला अभिमान होता. माणसांनी ते मान्य केलं. ज्यांच्या घरात हात होते ती दोन डोंगर ओलांडून पलीकडच्या सड्यावर गवताला जायला लागली.

इथे वाडीची रीत सांगायला हवी. दसऱ्याला देवळात सोनं वाटून झालं की गावकार पायरीवर उभा राहून गवताचे वाटे सांगे. कुठल्या घरानं सड्याचा कुठला पट्टा कापायचा ते. सगळे वाटे दरवर्षी फिरत, फक्त रस्त्याकडेचा लांबट पट्टा फिरत नसे. तो ज्या घरात कापणारे हात सगळ्यांत कमी, त्या घराचा. वाडीची पाखाडी तिथूनच उतरते, भारा वाहायला सोपं. आणि तो वाटा कापून झाल्याशिवाय बाकीच्यांनी विळा लावायचा नाही. कैक वर्षं तो भागीकाकीकडे होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गडग्याजवळ रोपं मोजत होते. सर कामानिमित्त मुंबईला गेलेले. भागीकाकी आली ती आज शेण-दुधाशिवाय, कमरेला विळा लावून. आदल्या दिवशीच लावलेल्या पाटीसमोर थांबली. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय वो बाई?"

मी वाचून दाखवलं. लाल शब्दासकट.

"म्हंजे आमालापन?"

"सगळ्यांनाच, काकी. तीन वर्षं फक्त. झाडं मोठी झाली की पुन्हा कापा."

तिनं गवताकडे हात केला. "रोपं नाय तोडनार मी. यकयक चुकवून कापीन. आनि आत जातंय कुटं? माजा वाटा हो हितला, रस्त्याकडचा. तेवडा तरी कापू द्या. त्यो पयला कापायचा आसतो."

"पहिला का?"

"पयलेपासनं तसाच हाय."

"पण कारण काय?"

"कारन..." ती विचारात पडली. कुणी तिला हे आजवर विचारलं नसावं. "येकल्या बायला येळ लागतो, म्हनून जवळचा वाटा, आनि तो आदी. तसाच चालत आलाय, बाई."

मला वाटलं, एवढंच ना. दयेची एक जुनी रीत आहे, चांगली आहे, पण तिच्यासाठी नियम कसा मोडायचा? आज हिला दिलं तर उद्या दुसरी येईल. शिवाय सर नाहीत. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीच्या हातात थोडासा अधिकार आला की ती किती ताठ उभी राहते, ते मला आज माझं मलाच दिसतं. मी म्हटलं, "नाही काकी. नियम तो नियम."

"मंग चांदीला काय घालू?"

तिनं हे भांडून विचारलं नाही. खरंच विचारलं. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला कदाचित माहीत असेल, अशा सुरात. मी पुढच्या रोपाकडे वळले आणि मोजायला लागले.

त्या वर्षी सडा जसा दिसला तसा पुन्हा कधी दिसला नाही. कार्तिकात सगळं गवत सोनेरी झालं. संध्याकाळी समुद्राकडचं तिरपं ऊन त्यातून आरपार जाई आणि तांबूस तुऱ्यांवर उतरे. पाखरं भरपूर आली. निकम सर हात मागे बांधून गडग्यावरून चालत आणि भेटेल त्याला गवत दाखवत. मीही बघत असे. इतकं सुंदर काहीतरी आपण राखलं याचं मला मनापासून सुख वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं. खाली वाडीत चांदी भाताचा पेंढा खात होती. पौषात तो संपला. मग भागीकाकी आपल्या घरामागच्या झाडांचा टाळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडून घालू लागली.

दूध पातळ झालं नाही, कमी झालं. आधी आम्हा क्वार्टर्सवाल्यांचं बंद झालं, मग मेसचं अर्ध्यावर आलं. वाडीतल्या आणखी दोन घरांनी गुरं कमी केली. गोबर गॅसची ज्योत बारीक होत गेली. सर टाकीवर वाकून बघत. "शेण कमी कसं पडतंय हो? थंडीमुळं गॅस धरत नसेल." रत्नागिरीची थंडी! मला कारण दिसायला लागलं होतं, पण ते तोंडातून काढलं तर त्याच्यामागून गडग्याजवळची ती सकाळ बाहेर आली असती.

माघात एका सकाळी भागीकाकी रिकामी किटली घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "उद्यापासनं दूध नाय, बाई. चांदी दिली."

"कुणाला?"

"शारात येकांचा गोठा हाय, त्येंना. हाडं दिसाय लागली व्हती तिची. तितं खाईल तरी." मग किटली दुसऱ्या हातात घेतली. "जाताना पाखाडीवर उबी ऱ्हायली. तुमच्या गडग्याकडं त्वांड करून. गवताचा वास येतो ना तिला."

मी तिला आत बोलावलं नाही. बोलवावं हे सुचलंच नाही, इतकी मला लाज वाटत होती.

मार्चमध्ये परीक्षा सुरू झाल्या. शिमगा नुकताच झालेला. दुपारी तिसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल चालू होती, मुलं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली. मला धुराचा वास आला आणि वाटलं, मेसमध्ये गॅस बंद म्हणून चूल पेटवली असेल. मग आवाज आला. वाळल्या पाचोळ्यावरून हजारो पायांनी कुणी धावत यावं तसा कडकड आवाज. खिडकीतून बघितलं तर रस्त्याकडेचा गडगा दिसत नव्हता. गडग्याच्या आतून माणसाहून उंच ज्वाळा उठल्या होत्या आणि दुपारचा समुद्राचा वारा त्यांना थेट रोपांकडे ढकलत होता.

सगळे धावले. मुलं, शिक्षक, शिपाई. कुणी टाळ तोडून झोडपत होते, कुणी बादल्या आणत होते, विहिरीत पाणी ते किती! आणि मग पाखाडीवरून वाडी चढून आली. बाप्ये ओल्या फांद्या घेऊन, बायका भिजवलेली गोणपाटं आणि कळशा घेऊन. ज्या जमिनीवर त्यांना पाय ठेवायला मनाई होती ती वाचवायला ती माणसं आली, आणि कुणी एका शब्दानं ते बोलून दाखवलं नाही. वणव्याशी कसं लढतात ते आम्हाला येत नव्हतं, त्यांना येत होतं. गावकारानं वसतिगृहाच्या अलीकडे भराभर गवत कापून मोकळा पट्टा काढायला लावला, म्हणून इमारती वाचल्या. भागीकाकी माझ्याशेजारीच होती. लुगड्याचा पदर डोक्याला आवळून ती आगीवर फांदी आपटत होती आणि मला ओरडत होती, "वाऱ्याच्या तोंडाला उबी ऱ्हाव नको गो! मागनं मार, मागनं!" पहिल्यांदाच ती माझ्याशी एकेरीत बोलत होती.

ऊन उतरायच्या सुमाराला आग विझली. तीन पावसाळ्यांची झाडं गेली. सडा काळा, त्यावर खड्ड्यांची गोल तोंडं, आणि प्रत्येकात एकेक काळी काडी. निकम सर एकेका काडीपाशी थांबत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. मी रस्त्याच्या दिशेनं गेले तर गडग्याजवळ भागीकाकी उभी होती, पाय घोट्यापर्यंत राखेत. माझी पाटी काळवंडली होती, पण अक्षरं दिसत होती.

"हितनं लागली," ती म्हणाली. "कुनी बिडी टाकली आसंल गाडीतनं." मग पायानं राख थोडी बाजूला केली. "हो माजा वाटा."

तेवढंच. तिच्या मनात मला टोचायचं असतं तर बरं झालं असतं. पण तिला स्वतःलाही ते त्याच क्षणी दिसत होतं. दरवर्षी दसऱ्यानंतर आठ दिवसांत रस्त्याची कड बोडकी होत असे. पुढे पावसाळ्यापर्यंत येणारा-जाणारा बिडी टाको, काडी टाको, ती मातीवर पडून विझे. कुणाच्या पूर्वजानं हे जाणून तो वाटा पहिला ठेवला होता, की फक्त एकट्या बाईला सोपं जावं म्हणून ठेवला आणि सडा आपोआप वाचत गेला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मला दुसरं खरं असावं असं वाटतं. एका बाईची सोय बघितली, तेवढ्यानं डोंगर राखला गेला.

संध्याकाळी मी सरांना सगळं सांगितलं. ती विळा घेऊन आली होती, तेवढाच वाटा मागत होती, मी नाही म्हटलं. चांदीचंही सांगितलं. सर गडग्यावर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "पाटी कुणी रंगवली?"

"मी."

"आणि रंगवा म्हणून कुणी सांगितलं?"

"तुम्ही."

"मग चला दोघं."

त्यांनी पाटी उपटली, बगलेत मारली आणि आम्ही पाखाडी उतरलो. देवळाच्या पायरीवर गावकार आणि चार माणसं बसली होती, अंगावरची राखही धुतलेली नव्हती. सरांनी चपला काढल्या आणि उभ्यानंच म्हणाले, "चुकलो." त्यांच्या त्या मोठ्या आवाजाला एवढा लहान शब्द बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. गावकार म्हणाला, "आमालापन कुटं म्हायती व्हतं, सर. तो वाटा कदी कापल्याबिगर ऱ्हायलाच नाय." कुणीतरी सरांना बसायला सरकून जागा दिली. ती पाटी पुढे मळीच्या खड्ड्यावर झाकण म्हणून वापरली. माझं सुंदर अक्षर कित्येक वर्षं शेणाकडे तोंड करून होतं, आणि ते योग्यच होतं.

चांदीला परत आणायला सर आणि मी शहरातल्या त्या गोठ्यावर गेलो. तिथून ती पुढे घाटावर गेली होती. कुठे ते त्यांना सांगता येईना. दुसरी म्हैस बघू म्हटलं तर भागीकाकीनं मान हलवली. "नको. नवी आली की परत जीव लागतो."

पावसाळ्यात आम्ही काळ्या काड्या उपटायला गेलो आणि सर ओरडले, "थांबा!" किंजळाच्या जळक्या बुंध्याशी तांबूस फुटवे आले होते. आवळ्यालाही. काजू गेले होते, पण इथलीच जुनी जात होती ती मुळातून परत उठत होती. सरांनी त्यावर हात धरला, पाऊस लागू नये म्हणून धरावा तसा. मला हसू आलं आणि रडूही आलं.

त्या दसऱ्याला गावकारानं वाटे सांगायला सुरुवात केली तेव्हा आम्ही दोघं देवळात होतो. वाडीनं अट घातली होती की कॉलेजनंही एक वाटा घ्यायचा आणि स्वतः कापायचा. गावकारानं विचारलं, "तुमच्यात कापनारं किती?"

"दोघं," सर म्हणाले. "मी, आणि ह्या बाई."

माणसं मनापासून हसली. कॉलेज केवढं, आणि कापणारे हात दोन माणसांचे, त्यातलं एक मी. मग हसू थांबलं, कारण सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की भागीकाकीच्या गोठ्यात आता जनावर नाही, आणि तिच्यामागून सगळ्यांत कमी हात आमचेच, म्हणजे रीतीनं बघितलं तर रस्त्याकडचा वाटा आता कुणाचा ते. गावकार भागीकाकीकडे बघेना.

ती मागच्या खांबाशी बसली होती. "द्या त्येंना," ती म्हणाली. "माज्याकडं गवत खानारं कोन हाय?"

दुसऱ्या दिवशी तिनंच मला विळा धरायला शिकवलं. मूठ सैल, मनगट मोकळं, गवताच्या बुडाशी वाकून, रोप आलं की डाव्या हातानं आधी ते बाजूला धरायचं. सर ज्वारी कापलेल्या हातानं सपासप पुढे गेले. माझ्या तळहाताला दुपारपर्यंत फोड आले. पहिला भारा बांधून झाला आणि मी तो डोक्यावर घेऊन पाखाडी उतरले. कुणाला विचारलं नाही. भागीकाकी मागून म्हणत होती, "अगो हितं कशाला, टाक तिकडं गवताच्या उडवीवर." मी तिच्या गोठ्यात गेले आणि भारा टाकला. गोठा सारवून लख्ख ठेवलेला होता. खुंटा होता, दावं गुंडाळून वर लटकवलेलं होतं. ती दारात थांबली, मग आत आली, भाऱ्याची गाठ सोडली आणि गवत सैल करून गव्हाणीत पसरलं. मी एक पेंडी आडवी टाकली होती, ती तिनं उचलून फिरवली. "शेंडे खुट्याकडं," ती म्हणाली. "बुडखे टोचतात तिला."

पुढे पाच-सात वर्षं सर होते. निवृत्त होऊन गावी गेले तरी दर दसऱ्यानंतर त्यांचं पोस्टकार्ड यायचं. त्यात एकच ओळ असायची, रस्त्याकडचा कापला का? आता कार्ड येत नाही. भागीकाकीही नाही. तिचं घर गणपतीपुरतं उघडतं. उत्तरेकडच्या सड्यावर किंजळाची, आवळ्याची झाडं आहेत, पोरं सावलीत बसून मोबाइल बघतात. बाकीचं गवत कॉलेज यंत्रानं कापून घेतं. रस्त्याकडचा तेवढा पट्टा शेट्ये बाईंचं खूळ म्हणून आठ दिवस तसाच ठेवतात.

यंदा मी अर्धा पट्टा कापून पाठ सरळ करायला उभी राहिले तर गडग्यावर एक तरुण मुलगी बसलेली. आमच्याच विभागात नवीन लागलेली, तेवीस-चोवीसची. थोडा वेळ बघून तिनं विचारलं, "मॅडम, रस्त्याकडूनच का सुरुवात करायची?"

"पहिल्यापासून तसंच आहे," मी म्हणून गेले.

आणि थांबले. हेच उत्तर मी या जागेवर ऐकलं होतं आणि त्याला काही अर्थ नाही असं ठरवलं होतं. मी विळा खाली ठेवला, तिच्याशेजारी गडग्यावर बसले आणि तिला सगळं सांगितलं. वाट्याचं, पाटीचं, आगीचं. आणि चांदीचं. ती ऐकून झाल्यावर उठली, ओढणी कमरेला बांधली आणि माझा विळा उचलला. धरला चुकीचाच. मी तिची मूठ सैल केली.

भारा तिनंच डोक्यावर घेतला. पाखाडीच्या पायऱ्या आता निसरड्या झाल्यात, आम्ही हळू उतरलो. भागीकाकीच्या गोठ्याचं छप्पर गेलं आहे, पण दगडी गव्हाण आहे आणि खुंट्याचा बुंधा आहे. तिनं गाठ सोडली, गवत सैल केलं आणि गव्हाणीत ठेवलं.

मी वाकले आणि पेंडी फिरवली. "शेंडे इकडे," मी म्हटलं. "बुडखे टोचतात तिला."